घरात मोठं कोणी आहे का?

मुलगा कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, हे ज्याला नेमके कळले असेल त्याने ते एकदा वर्तमानपत्रवाल्यांना जाऊन सांगावे. कारण त्यांच्या हिशेबाने चोवीस वर्षांचा एकच प्राणी परीक्षेत पहिला आला तर 'शेतकऱ्याचा मुलगा' असतो, धरणात पोहायला उतरला तर 'युवक' असतो, मोर्च्यात दिसला तर 'तरुण' असतो आणि त्याच्याजवळ चोरीची मोटारसायकल सापडली तर 'इसम' होतो. या इसम नावाच्या जमातीबद्दल मला लहानपणापासून कुतूहल आहे. इसमाला जन्मताना, शाळेत जाताना, मुंज होताना कोणी पाहिलेले नाही. तो एकदम रात्री साडेअकराला संशयास्पदरीत्या फिरतानाच आढळतो. साठी उलटली की बातमीत सगळ्यांचाच 'वृद्ध' होतो आणि वृद्धाला तिथे काम एकच, अज्ञात वाहनाची धडक बसणे. आमच्या शाखेतले एक साहेब साठाव्या वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभात आठ जण बोलले आणि आठही जण म्हणाले, साहेब मनाने अजून तरुण आहेत. पुढच्याच आठवड्यात साहेब स्कूटरवरून पडले. दुसऱ्या दिवशी पेपरात, 'स्कूटर घसरून वृद्ध जखमी'. पायापेक्षा त्यांना तो शब्दच जास्त लागला.

आपल्या घरांतून तर विचारूच नका. मराठी घरात वय आणि नाव यांचा काही संबंध असावा असे कोणाला वाटतच नाही. पाच वर्षांच्या पोराला आजोबांचे नाव ठेवलेले असते, त्याला नावाने हाक कशी मारायची म्हणून तो 'आबा' होतो. आणि सत्तरीचे, कवळीवाले, दोन बायपास झालेले गृहस्थ 'बाळूकाका' असतात. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव, पण घरात बाळ म्हणत, तेच राहिले. अख्खा देश ज्यांना लोकमान्य म्हणत होता ते १९२० साली चौसष्टाव्या वर्षी गेले तेव्हाही सही बाळ गंगाधर अशीच. आमच्या काउंटरवर महिन्यातून एकदा 'श्रावणबाळ' लोकांची रांग लागते. सरकारच्या या निवृत्तीवेतन योजनेत पासष्ट वर्षे पुरी झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. योजनेच्या नावातला श्रावणबाळ म्हणजे खरे तर सरकार, आणि हे त्याचे आईबाप. पण ऐंशीची म्हातारी काठी टेकत येते आणि खिडकीतून सांगते, "म्या सरावनबाळ हाय, माजं आलं का?" मी म्हणतो, "आलं आजी." बाळ खूश होते.

हे सगळे बोलण्यातले झाले. कायद्याला बोलण्यातले चालत नाही, त्याला तारीख लागते. आमच्या मराठी कायद्याची भाषा तर भारीच कडक. इंग्रजीत 'मायनर' म्हणजे नुसता लहान. मराठीत तो 'अज्ञान'! आणि मोठा झाला की 'सज्ञान'. म्हणजे सतराव्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी रात्री पोरगा अज्ञान अवस्थेत झोपतो आणि सकाळी दात घासायला उठतो तो ज्ञान होऊनच. ज्ञानप्राप्तीसाठी कोणाला झाडाखाली बसावे लागले, कोणाला वनात जावे लागले. आमच्याकडे १८७५ सालचा एक कायदा ते काम घरबसल्या करून देतो. कोर्टाने पालक नेमलेला असला तर मात्र ज्ञान तीन वर्षे उशिरा, म्हणजे एकविसाव्या वर्षी येत असे. ती सवलत १९९९ साली काढून टाकली. आता सगळ्यांना सरसकट अठराव्या वर्षीच शहाणे व्हावे लागते.

या ज्ञानप्राप्तीचा साक्षीदार म्हणजे बँकेचा कारकून. अज्ञानाचे खाते पालक चालवतात, पण मुलाला अठरा पुरी झाली की पालकांची सही बंद. नवे कागद, नवा फोटो, मुलाची स्वतःची सही. हे आम्ही पत्राने कळवतो, मोबाइलवर कळवतो, भिंतीवर लावतो. तरी महिन्यातून दोन आया भांडायला येतातच.

"पैसे मी भरलेत! मी आई आहे त्याची!"

"हो, पण आता चिरंजीव सज्ञान झाले."

"हा?" बाई चिरंजीवांकडे बोट दाखवतात. "हा सज्ञान?"

चिरंजीव मोबाइलमध्ये मान घालून उभे असतात. या प्रश्नाला उत्तर देणे बँकेच्या सेवानियमांत बसत नाही, म्हणून मी फॉर्म पुढे करतो. चिरंजीव पेन घेतात. आयुष्यातली पहिली सही. आधी एका स्लिपच्या पाठीवर तीन-चार वेळा गिरवून बघतात, एकही दुसरीसारखी येत नाही. आणि मग, हे मी आजवर शंभरदा तरी पाहिले असेल, सज्ञान इसम मान वळवून विचारतो, "आई, कुठे करू?"

आमच्या धंद्यात मात्र अज्ञान आणि सज्ञान यांचा हिशेब अगदी स्वच्छ आहे. दहा वर्षांच्या पुढचा मुलगा स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू शकतो. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली तशी मोकळीक दिली; मर्यादा किती ते ज्याने-त्याने ठरवायचे. पण त्याच मुलाला कर्ज मात्र मिळणार नाही. पैसे ठेवायला अज्ञान चालतो, न्यायला सज्ञान लागतो. यात बँकेचा लबाडपणा नाही. आम्हा बी. कॉम.वाल्यांना करारविषयक कायद्याच्या पेपराला एक खटला हमखास असायचा, मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष. कलकत्त्याच्या या धर्मोदासाने अज्ञान असताना वीस हजार रुपयांच्या कर्जापोटी घर गहाण टाकले, आणि मग कोर्टात सांगितले की मी अज्ञान होतो, सबब गहाणखत रद्द करा. प्रकरण पार विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९०३ साली निकाल लागला, की अज्ञानाचा करार हा मुळात करारच नव्हे. पैसे बुडाले! परीक्षेत हा खटला मी चार वेळा लिहिला आणि चारही वेळा मला एकच प्रश्न पडला. यातला अज्ञान नेमका कोण?

बाकीची वये मी इथे मोजत बसत नाही. मतदानाला पूर्वी एकवीस लागत, १९८९ पासून अठरा. पुरुषाला लग्नाला मात्र अजूनही एकवीस, म्हणजे देशाचे सरकार निवडता येते पण स्वतःच्या घरचे नाही, हा विनोद फार लोकांनी करून झाला आहे. मला त्यातला दुसराच मेळ आवडतो. लोकसभेला उभे राहायला पंचवीस वर्षे पुरी लागतात आणि आमच्या महाराष्ट्रात दारूच्या परवान्यालाही पंचवीसच. बिअरला एकवीस चालतात. विधानसभेला काही बिअरची सवलत नाही.

बरे, ही सगळी इमारत उभी आहे ती जन्मतारखेवर. आणि जन्मतारीख कशावर उभी आहे? गुरुजींवर. एका पिढीत शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला विचारले, पोर कधीचं? तर तो सांगे, मोठ्या पुराच्या साली, नाहीतर अमक्याचा बैल मेला तेव्हा. गुरुजींच्या रकान्यात बैल बसत नसे. शाळा जूनमध्ये उघडे, म्हणून ते १ जून लिहून टाकत. आमच्या संगणकात १ जूनला इतक्या लोकांचे वाढदिवस निघतात, की परक्या मुलखातला एखादा तपासनीस आला तर त्याला वाटावे, मराठी माणसे पीक आल्यासारखी एकदम येतात. आणि म्हणून सरकारी कचेऱ्यांतून ३१ मेला निरोपसमारंभांची ही गर्दी. एका गुरुजींच्या लेखणीच्या फटकाऱ्याने माणूस वर्षभर आधी सज्ञान होतो आणि वर्षभर आधी घरी बसतो.

पण कायदा तारखेने तरी चालतो. कागद तेवढ्यानेही चालत नाही. मी तीन वर्षे एका ग्रामीण शाखेत होतो, तेव्हाची गोष्ट. पीककर्जाला एक शेतकरी आले. साठीच्या आसपासचे, पांढऱ्या मिशा, डोक्याला पटका. गावचे सरपंच होऊन गेलेले. सातबारा पाहिला तर त्यांच्या नावापुढे 'अ. पा. क.' आणि आईचे नाव. अ. पा. क. म्हणजे 'अज्ञान पालनकर्ता'. वडील वारले तेव्हा हे चार वर्षांचे. वारसाची नोंद झाली, मुलगा अज्ञान, सबब पालनकर्ती आई. पुढे या अज्ञानाने विहीर खोदली, दोन मुली उजवल्या, पंचायत चालवली, नातवंडे खेळवली. पण मी आता मोठा झालो असा अर्ज काही त्याने कधी दिला नाही, आणि अर्जाशिवाय कागदावर कोणी मोठे होत नाही. असे अ. पा. क. गावोगाव आहेत. पालनकर्ता देवाघरी जातो, अज्ञानाला मोतीबिंदू होतो, तरी शेरा तिथेच असतो.

आमच्या अधिकाऱ्यांनी सांगितले, "हा शेरा आधी कमी करून आणा."

"म्हंजी मी अजून अज्ञान?"

"कागदावर हो."

ते मोठ्याने हसले. "घरची बी तेच म्हनती." सगळी शाखा हसली. मग त्यांनी सातबारा हातात घेतला, त्या ओळीवरून बोट फिरवले आणि विचारले, "ह्ये काढलं, म्हंजी आईचं नाव बी जातंय का?"

"जाणारच. त्या जाऊन किती वर्षं झाली?"

"अठ्ठावीस." ते थोडा वेळ बाकावर बसून राहिले. कागदाची घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "बघतो." बी-बियाण्याचे दिवस होते, पैशाची निकड होती, तरी ते तीन आठवड्यांनी आले. नवा सातबारा अगदी स्वच्छ होता. मी तो फाइलला लावला. जुनी प्रत परत द्याल का, असे त्यांनी विचारले. ती दिली.

शहरात हा शेरा लोकांच्या जिभेवर असतो, आणि जिभेवरचा शेरा कमी करायला कुठल्या कचेरीत अर्ज चालत नाही. बँकेखाली चहाची टपरी आहे. तिथला 'बारक्या' माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. त्याचा मुलगा बारावीला आहे. पण 'बारक्या, चार कटिंग!' हे चालूच. एकदा त्याने आमच्याकडे खाते उघडले. पासबुक तयार झाल्यावर शिपायाने पूर्ण नाव, वडिलांचे नाव, आडनाव पुकारले. कोणी उठेना. तिसऱ्यांदा पुकारले तेव्हा इतरांबरोबर बारक्याही मान वळवून बघायला लागला, कोणाला बोलावताहेत ते. आणि साहेबांच्या केबिनमध्ये फायली नेणारे जे आहेत, त्यांच्या पगारपत्रकावर काहीही लिहिलेले असो, पन्नाशीतही ते 'बॉय'च. हाच हिशेब बायकांच्या बाबतीत उलटा करून बघा. एखाद्या घरी चौदा-पंधरा वर्षांची पोर धुणीभांडी करते. ती काय असते? 'बाई'. "आज आमची बाई आली नाही." आणि त्याच घरातली चोवीस वर्षांची कन्या? "तिला नाही हो कुकर लावता येत, लहान आहे अजून." दोघींच्या वयाचे दाखले शेजारी ठेवून पाहावे असे मला फार वाटते, पण चहाला बोलावलेल्या पाहुण्याने असे दाखले मागू नयेत.

माझ्या डोक्यात असे बसले आहे, की ज्याच्याकडून काम करून घ्यायचे त्याला आपण झटकन मोठा करतो, आणि ज्याला मान द्यायची वेळ येते त्याला तितक्याच झटकन लहान ठेवतो. वय मध्ये नुसते साक्षीला असते. याला अपवाद एकच, लग्नाचा बाजार. तिथे बेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला, फ्लॅटचे हप्ते फेडणारा गृहस्थही 'मुलगा'च. 'मुलाकडची मंडळी आली' असे म्हणतात तेव्हा त्या मंडळींत सगळ्यांत थकलेला दिसतो तो मुलगा. पत्रिकेत त्याच्यामागे 'चि.' असते, अक्षता पडल्या की 'श्री.' होते. बायकांचे तेवढ्याने भागत नाही. एक बाई आईही झाली, लेखिकाही झाली, तरी तिची सही मोठ्या माणसाची धरावी की नाही हा प्रश्न या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, पालक म्हणून स्वतःची सही केली. उत्तर आले, वडिलांची सही आणा. १९५६ च्या कायद्यात लिहिलेच होते तसे, की पालक वडील आणि त्यांच्या 'नंतर' आई. न्यायालयाने १९९९ साली सांगितले, की 'नंतर' म्हणजे वडील गेल्यानंतर असे नव्हे. वडील जिथे लक्ष घालत नसतील वा नसतील तिथे आईही पालक. रिझर्व्ह बँकेचे नाव निघाले की आम्ही कारकून खुर्चीतून अर्धे उठतो, म्हणून जास्त काही लिहीत नाही. पण नऊ महिन्यांत आई होता येते आणि पालक व्हायला पंधरा वर्षे लागतात, हे गणित कॉमर्सच्या माणसालाही जुळवता येत नाही.

आमच्या घरचे सांगतो. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, मधली बहीण चौदाची आणि ताई एकोणीस. ताईला वडिलांच्या जागी नोकरी लागली आणि ती रोज सकाळी साडेआठला डबा घेऊन बाहेर पडू लागली. त्या दिवसांत आमच्या दारावर माणसे फार येत. विमावाले, सोसायटीवाले, वर्गणीवाले, वडिलांकडून येणे आहे असे सांगणारे. दार बहुधा मी उघडी. ठरलेला प्रश्न, "बाळ, घरात मोठं कोणी आहे का?" मी आत ओरडे, "ताई!" दोन वेण्या घातलेली ताई हात पुसत बाहेर येई. आलेला माणूस तिच्या खांद्यावरून आत बघे आणि म्हणे, "तसं नव्हे, मोठं कोणी?"

पैसे घ्यायला मात्र ती मोठी होती. शाळेची फी, मधलीचे लग्न, आईचे ऑपरेशन, माझे कॉलेज. पावत्या सगळ्या तिच्या नावच्या. स्वतःचे लग्न राहून गेले. पस्तिशीपर्यंत नातेवाइकांत तिचे वर्णन 'मुलगी चांगली आहे हो' असे होत असे. पुढे तेही थांबले. तिच्या नावामागे 'कु.' राहिले.

माझे लग्न ठरले तेव्हा ताई अडतीसची होती. घरात कर्ता पुरुष नाही म्हणून सांगलीहून काकांना बोलावून घेतले. वडील गेल्यापासून काका आमच्याकडे तीनदा आले होते, दोनदा श्राद्धाला आणि एकदा मधलीच्या लग्नाला. पत्रिकेचा मजकूर त्यांनीच लिहून प्रेसवाल्याला दिला. निमंत्रक म्हणून ते स्वतः, खाली 'सौ.'ची रांग, आईचे नाव एका बाजूला. प्रूफ आले. काकांनी चष्मा लावून वाचले आणि छान म्हणून पसंत केले. मग ते ताईच्या हातात आले. तिने सगळे वरपासून खालपर्यंत वाचले आणि शेवटच्या ओळीवर थांबली. तिथे, हत्ती आणि फुगे यांच्या चित्राखाली, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' असे छापलेले होते, आणि खाली नावे : चि. मधलीचा मुलगा, वय वर्षे सहा, कु. तिची मुलगी, वय वर्षे तीन, आणि कु. आमची ताई.

काका म्हणाले, "प्रेसवाल्याची काही चूक नाही. 'कु.' लिहिलं होतं ना, म्हणून त्यानं मुलांत घातलं. आणि वर घालायचं म्हटलं तरी बसवणार कुठं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ताईने प्रूफ नीट घडी करून काकांपुढे ठेवले.

"राहू दे काका, छान आहे," ती म्हणाली. "फक्त कार्यालयाचा चेक उद्या तुम्ही द्या. अज्ञानाची सही बँकेत चालत नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिले. मी तेव्हा नुकताच नोकरीत कायम झालो होतो.

"नाही चालत," मी म्हणालो.

काकांनी खिशातून पेन काढले. हत्तीखालच्या नावावर काट मारली आणि बराच वेळ पत्रिकेच्या वरच्या भागात जागा शोधत राहिले. शेवटी स्वतःच्या नावाच्या ओळीत, शेजारीच, बारीक अक्षरात बसवली. 'कु.' लिहायला लागले होते, ते मध्येच थांबले आणि मला म्हणाले, "काय रे, नुसतं नाव लिहिलं तर चालेल ना?"